नापासाचा शिक्का आणि दाद मागण्याचा हक्क

बंगळूरच्या दक्षिण भागात बनशंकरी आणि जयनगर या दोन वसाहती एकमेकींना खेटून आहेत. बनशंकरीच्या दुसऱ्या टप्प्यात १९८० साली स्थापन झालेले केम्पेगौडा वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर, जयनगरच्या चौथ्या 'टी' विभागात, राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. हे विद्यापीठ १९९६ साली कामाला लागले आणि तोवर निरनिराळ्या विद्यापीठांना जोडलेली कर्नाटकातील वैद्यकीय महाविद्यालये एका छत्राखाली आली. बेळगाव व बिदर येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयेही याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. साहजिकच खानापूर, निपाणी किंवा भालकीच्या एखाद्या मराठी घरातील मुलगी शरीरक्रियाशास्त्रात चार गुणांनी नापास झाली, तर तिच्या गाऱ्हाण्याचा रस्ता शेवटी बंगळूरलाच येतो.

बनशंकरीच्या देवळात राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावण्यासाठी रांगा लागतात. निकालाच्या हंगामात त्या रांगेत काही विद्यार्थी व पालक असले तर नवल नाही. श्रद्धेची चेष्टा करण्याचा येथे हेतू नाही. पण एवढे खरे की देवीपुढे गाऱ्हाणे सबंध सांगता येते. परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे ते छापील अर्जाच्या चौकटीत बसवावे लागते, आणि त्या चौकटीत बहुधा 'बेरीज पुन्हा करून पाहावी' एवढीच विनंती मावते.

गाऱ्हाणे नेमके काय आहे ते आधी पाहिले पाहिजे. वैद्यकीय विद्यार्थ्याचे अंतिम गुण तीन ठिकाणी ठरतात: महाविद्यालयातील अंतर्गत मूल्यमापन, विद्यापीठाची लेखी परीक्षा, आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा. यांपैकी लेखी परीक्षेचाच काय तो कागद मागे उरतो. या विद्यापीठाने उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा संगणकावर तपासण्याची पद्धत इतरांच्या आधी स्वीकारली, आणि एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घेण्याचा नियम केला. दोघांच्या गुणांची सरासरी धरावयाची. मात्र दोघांत कमाल गुणांच्या १५ टक्के वा अधिक तफावत पडली, तर उत्तरपत्रिका तिसऱ्या परीक्षकाकडे जावयाची आणि तिघांपैकी अधिक गुणांच्या दोघांची सरासरी धरावयाची, अशी ही योजना आहे. एकाच परीक्षकाच्या मर्जीवर विद्यार्थ्याचे भवितव्य सोपवण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच पुढची आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण याच योजनेचा हिशेब मांडून पाहा. सोयीसाठी शंभर गुणांचा एकच पेपर आणि पन्नास गुणांची उत्तीर्णता धरू. एका विद्यार्थ्याला पहिल्या परीक्षकाने ३८ आणि दुसऱ्याने ५२ गुण दिले. तफावत १४, तिसरा परीक्षक नाही, सरासरी ४५, विद्यार्थी नापास. त्याच्या शेजारच्या विद्यार्थ्याला पहिल्याने ३८ आणि दुसऱ्याने ५३ गुण दिले. तफावत १५, उत्तरपत्रिका तिसऱ्याकडे गेली, त्याने ५० दिले, ५३ व ५० यांची सरासरी ५१.५, विद्यार्थी उत्तीर्ण. दुसऱ्या परीक्षकाच्या एका गुणाने एकाची सहा महिन्यांची उमेदवारी वाया जाते आणि दुसरा पुढच्या वर्गात बसतो. कोठेतरी रेषा आखावीच लागते, हे आम्हालाही ठाऊक आहे. आक्षेप रेषेवर नसून रेषेच्या अलीकडे राहिलेल्याला तोंड उघडण्याची सोय नसण्यावर आहे. पहिल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन तज्ज्ञांपैकी एक त्याला उत्तीर्ण मानतो आणि दुसरा मानत नाही. तिसऱ्याचे मत विचारण्याची याहून योग्य वेळ कोणती?

या बंद दाराला कायद्याचा आधार मिळाला तो महाराष्ट्रातील एका खटल्यात. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत क्रमांक १०४ चा नियम होता. त्यानुसार विद्यार्थ्याला फक्त गुणपडताळणी मागता येई, म्हणजे सर्व उत्तरांना गुण दिले आहेत की नाहीत आणि बेरीज बरोबर आहे की नाही एवढेच पाहिले जाई. उत्तरपत्रिका पाहण्याचा वा ती पुन्हा तपासून घेण्याचा हक्क नव्हता. बारावीच्या विद्यार्थ्यांनी याला आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ही बंधने रद्द ठरवली. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. परीक्षेच्या निकालाला कोठेतरी पूर्णविराम हवा, लाखो उत्तरपत्रिकांची फेरतपासणी करणे व्यवहारात अशक्य आहे, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व इतके ताणता येणार नाही, आणि शैक्षणिक बाबींत तज्ज्ञांच्या जागी न्यायालयाने स्वतःचे मत बसवू नये, अशी त्या निकालाची भूमिका होती. गेली चाळीस वर्षे देशातील जवळजवळ प्रत्येक परीक्षामंडळ या निकालाची ढाल पुढे करीत आले आहे.

बारावीच्या परीक्षेपुरता त्या युक्तिवादात काही अर्थ होता, हे नाकारण्यात मतलब नाही. पण वैद्यकीय वर्गात शंभर, दीडशे, फार तर अडीचशे विद्यार्थी असतात. एका विद्यापीठाच्या एका वर्षाची सारी उत्तरपत्रिका-संख्या बारावीच्या एका विभागीय मंडळापुढे किरकोळ ठरते. उत्तरपत्रिकेची प्रतिमा संगणकात तयारच असते, ती पोत्यांतून शोधून काढावी लागत नाही. लाखोंच्या परीक्षेसाठी दिलेले कारण शेकड्यांच्या परीक्षेला जसेच्या तसे चिकटवले जाते, तेव्हा ते सोयीचे निमित्त असते.

आणि तज्ज्ञ चुकत नाहीत हा दावा तर त्याच न्यायालयाने वर्षभर आधी निकालात काढला होता. उत्तर प्रदेशात १९८२ साली वैद्यकीय प्रवेशासाठी संयुक्त परीक्षा झाली. विद्यापीठाने उत्तरसूची प्रसिद्ध केली आणि काही प्रश्नांची 'बरोबर' ठरवलेली उत्तरे मान्य पाठ्यपुस्तकांशी जुळत नाहीत, असे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले. सप्टेंबर १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी कानपूर विद्यापीठाच्या त्या खटल्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. उत्तरसूची बरोबर आहे असे गृहीत धरावे, पण ती चूक असल्याचे उघडपणे सिद्ध झाले तर विद्यार्थ्याला त्याची शिक्षा देता येणार नाही, असे त्यांनी ठरवले. ही चूक उघड झाली ती विद्यापीठाने सूची दडवली नाही म्हणून. दाद मागण्याचा पहिला टप्पा पाहायला मिळणे हा आहे. जे दिसतच नाही त्याविरुद्ध कोणी काय म्हणणार?

गुप्ततेचा फायदा कोणाला होतो याचा दाखलाही महाराष्ट्राकडेच आहे, आणि आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांना तो ठाऊक नसेल. मुंबई विद्यापीठाच्या १९८५ सालच्या स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विषयाच्या एम.डी. परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची कन्या परीक्षार्थी होती. नापास झालेला एक डॉक्टर मुंबई उच्च न्यायालयात गेला. गुणपत्रकात फेरफार झाल्याचे न्यायालयापुढे आले, न्यायालयाने कडक ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांचा स्वतःचा सहभाग थेट पुराव्याने शाबीत झालेला नाही, असे पुढे खंडपीठाने म्हटले. प्रकरण डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. न्यायालयांनी व्यक्तीबद्दल जे म्हणायचे ते म्हटले आहे, त्यात भर घालण्याचे आम्हाला कारण नाही. या प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. एका नापास विद्यार्थ्याने स्वतःच्या गुणांबद्दल दाद मागितली नसती, तर कागदाची ती खाडाखोड कोणाच्याही नजरेस पडली नसती. ज्यांची पोच वरपर्यंत असते त्यांना फेरतपासणीच्या नियमाची गरजच पडत नाही. त्यांच्यासाठी वेगळे दार असते. नियमाची गरज असते ती ज्याच्यामागे कोणी नाही त्याला.

पुढचे पाऊल पडले ते विधिमंडळातील कायद्यामुळे, विद्यापीठांच्या औदार्यामुळे नव्हे. माहितीचा अधिकार २००५ साली आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि परीक्षार्थ्याला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षक व मंडळ यांच्यातील विश्वासाच्या नात्याची सबब न्यायालयाने मान्य केली नाही; परीक्षकाचे नाव मात्र त्याच्या सुरक्षिततेसाठी झाकता येते. म्हणजे १९८४ साली जे दार लावून घेतले होते ते निम्मे उघडले. हा हक्क उत्तरपत्रिका नियमानुसार जपून ठेवली जाते तोवरच चालतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. मुदत संपली की उत्तरपत्रिका नष्ट होते आणि हक्क कागदावर राहतो. म्हणून निकाल लागताच अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माहितीसाठी शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. संस्थेच्या स्वतःच्या नियमाने प्रत मागितली तर संस्थेने ठरवलेले शुल्क पडते, माहितीच्या अधिकाराखाली मागितली तर त्या कायद्याचे शुल्क पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कंपनी सचिवांच्या संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कोणती खिडकी स्वस्त आहे हे विद्यार्थ्याने आधी विचारून घ्यावे.

पण पाहायला मिळाले म्हणजे बदलून मिळाले असे नाही. समजा, त्या खानापूरच्या मुलीने प्रत मिळवली आणि तिला दिसले की एका बरोबर उत्तराला शून्य आहे. आता ती कोठे जाईल? विद्यापीठाच्या नियमांत फेरमूल्यांकनाची तरतूद असेल तर मार्ग आहे. नसेल, तर न्यायालय म्हणते की आम्ही तो निर्माण करणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील शिक्षकभरतीच्या प्रकरणात हे सूत्र पुन्हा मांडले: नियम नसताना न्यायालयाने क्वचितच आणि चूक कोणत्याही तर्कवितर्काशिवाय धडधडीत दिसत असेल तेव्हाच हस्तक्षेप करावा, आणि सहानुभूतीला तेथे जागा नाही. २०२२ साली आंध्रातील एन.टी.आर. आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तेच झाले; उच्च न्यायालयाने दाखवलेली उदारता सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. न्यायालयात जाऊन हा प्रश्न सुटणार नाही. न्यायालय नियमाकडे बोट दाखवते, आणि नियम विद्यापीठाच्या अधिकारमंडळात व विधानसभेत बनतात. लढ्याची जागा तेथे आहे.

येथवर लेखी परीक्षेचे झाले. खरा अंधार आहे तो प्रात्यक्षिकाच्या व तोंडी परीक्षेच्या खोलीत. रुग्णाच्या खाटेशी उभा राहून विद्यार्थी जे सांगतो, टेबलापलीकडचे परीक्षक जे विचारतात, ते हवेत विरून जाते. मागे राहतो एक आकडा. तो आकडा कोणत्या प्रश्नाच्या कोणत्या उत्तरासाठी पडला याची नोंद नसेल, तर माहितीचा अधिकार काय देणार? परीक्षकांपैकी किमान निम्मे बाहेरचे असावेत असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण बाहेरचा परीक्षक पाहुणा असतो, आणि यजमान विभागप्रमुखाची भुवई कोणत्या विद्यार्थ्याच्या वेळी वर जाते हे पाहुण्याला कळते.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २००७ साली अहवाल दिला. वर्गात, वसतिगृहात आणि तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांत भेदभाव होतो अशी विद्यार्थ्यांची तक्रार त्या अहवालाने नोंदवली. त्यानंतर काही वर्षांतच दिल्लीच्या वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालयातील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांनी शरीरक्रियाशास्त्र या एकाच विषयात आपल्याला पुन्हा पुन्हा नापास केले जाते अशी तक्रार केली. ते उच्च न्यायालयात गेले, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे गेले. आयोगाने मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. भालचंद्र मुणगेकर यांच्याकडे चौकशी सोपवली आणि २०१२ सालच्या अहवालात त्यांनी जातीय भेदभाव झाल्याचा निष्कर्ष काढला. एकटा विद्यार्थी गेला असता तर 'अभ्यास कमी पडला' या वाक्यावर प्रकरण मिटले असते. अनेकांनी एकत्र येऊन आपले निकाल शेजारी शेजारी मांडले, तेव्हा एकाच विषयात एकाच समूहाची रांग दिसू लागली. दोन्ही चौकशांचे प्रमुख महाराष्ट्राच्या आंबेडकरी परंपरेतून आलेले अर्थतज्ज्ञ होते, हाही योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. जात कोठे लपते हे ज्यांना ठाऊक असते, तेच ती आकड्यांतून बाहेर काढू शकतात.

'वैद्यकीय कौशल्याचे मोल अनुभवी डॉक्टरच करू शकतो, त्यावर अपील कसले?' असे प्राध्यापकवर्गातून विचारले जाते. याचे उत्तर अमेरिकेतील एका जुन्या खटल्यात आयतेच मिळते. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील वैद्यकीय शाखेने एका विद्यार्थिनीला रुग्णालयीन कामातील उणिवांबद्दल काढून टाकण्याचे ठरवण्यापूर्वी, तिच्या अपिलाखातर, सात व्यवसायी डॉक्टरांकडून तिची पारख करून घेतली. त्या सातांपैकी दोघांनी तिला वेळेवर पदवी द्यावी असे म्हटले, दोघांनी तत्काळ काढून टाकावे असे म्हटले, आणि तिघांनी आत्ता पदवी देऊ नये, पण देखरेखीखाली पुढे शिकू द्यावे असे म्हटले. १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला; रीतसर सुनावणीची गरज नाही असे ठरवले. निकाल बाजूला ठेवा. त्या सात डॉक्टरांकडे पाहा. अनुभवी माणसे, एकच विद्यार्थिनी, आणि मते तीन. तज्ज्ञाचे मत मोलाचे असते. म्हणूनच ते एकाच्या तोंडून अंतिम ठरू नये. आणि एवढे तरी म्हटले पाहिजे की त्या विद्यार्थिनीला सात जणांपुढे उभे राहण्याची संधी मिळाली. इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानंतर विद्यापीठांबाहेरचा स्वतंत्र तक्रार-निवाडा अधिकारी असतो. तोही परीक्षकाच्या विद्वत्तेत हात घालत नाही, पण रीत पाळली गेली की नाही, पक्षपात झाला की नाही, हे तपासतो. आपल्याकडे तक्रार ऐकतो तोच, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे.

कोणी म्हणेल, डॉक्टर घडवताना कडकपणा हवा. उद्या हाच विद्यार्थी गरिबांच्या पोटावर शस्त्र चालवणार आहे. अगदी खरे. सरकारी रुग्णालयांच्या रांगेत उभा राहणारा आमचाच माणूस आहे. अर्धवट शिकलेला डॉक्टर त्यालाच भोवतो. म्हणूनच उत्तीर्णतेची पातळी खाली आणण्याला आमचा पाठिंबा नाही. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने दोन पेपरांच्या विषयांत पन्नासावरून चाळीस टक्क्यांवर येण्याचा निर्णय जाहीर केला आणि थोड्याच आठवड्यांत मागे घेतला. तो मागे घेतला हे बरेच झाले. पण फेरतपासणी म्हणजे सवलत नव्हे. मनमानी तपासणीने लायक विद्यार्थी खाली राहतो तसा नालायक वरही जातो, आणि १९८५ च्या प्रकरणाने ही दुसरी बाजूही दाखवली आहे.

नापासाच्या शिक्क्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. २०२३ च्या नियमांनुसार पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत सुटली पाहिजे आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम संपला पाहिजे. त्यापलीकडे दार बंद. प्रत्येक जादा सहा महिन्यांबरोबर वसतिगृहाचा, खानावळीचा, परीक्षा-शुल्काचा खर्च वाढतो. कर्नाटकात वैद्यकीय शिक्षणाचा बाजार किती जुना आहे हे १९९२ च्या मोहिनी जैन खटल्याने देशाला दाखवले: सरकारी जागेला वर्षाला दोन हजार रुपये, आणि त्याच वर्गात, त्याच बाकावर बसणाऱ्या परप्रांतीय विद्यार्थ्याला साठ हजार. महाराष्ट्रातून सोलापूर-कोल्हापूरच्या वाटेने जी मुले त्या काळी कर्नाटकात गेली, त्यांच्या घरच्यांना हा आकडा अजून आठवत असेल. ज्या बापाने जमीन गहाण ठेवून प्रवेश मिळवून दिला, त्याला मुलाचा एक विषय राहणे म्हणजे कर्जाचा आणखी एक हप्ता; ज्याच्या बापाचे रुग्णालयच आहे, त्याला ती सहा महिन्यांची सुट्टी.

तेव्हा विद्यार्थी संघटनांनी विद्यापीठांपुढे ठेवावयाच्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. उत्तरपत्रिकेची प्रतिमा आणि आदर्श उत्तरांचा आराखडा निकालाबरोबरच प्रत्येकाला विनामूल्य मिळावा. जेथे दोन परीक्षकांपैकी एकाने उत्तीर्ण आणि दुसऱ्याने अनुत्तीर्ण ठरवले आहे, तेथे तफावत कितीही असो, तिसऱ्याकडे पाठवणी व्हावी. फेरमूल्यांकनात गुण वाढले तर शुल्क परत मिळावे. तोंडी परीक्षेचे प्रश्न आधी ठरलेल्या संचातून चिठ्ठीने निघावेत, प्रत्येक प्रश्नापुढे स्वतंत्र गुण पडावेत, आणि प्रात्यक्षिकात प्रत्येक कौशल्याला वेगळा रकाना असावा. ही काही अद्भुत गोष्ट नाही. ठरलेल्या स्थानकांवर ठरलेली कामे देऊन गुण देण्याची पद्धत वैद्यकीय शिक्षणात जगभर रूढ आहे आणि आपल्या प्राध्यापकांना ती चांगली माहीत आहे. विषयवार आणि प्रवर्गवार निकाल दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे एखाद्या विभागात एकाच समूहाची मुले सतत का अडकतात हे विचारायला दिल्लीहून आयोग येण्याची वाट पाहावी लागणार नाही. आणि दाद ऐकणाऱ्या समितीत त्या महाविद्यालयाशी संबंध नसलेला किमान एक सदस्य व विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असावा.

बंगळूरमधील आपल्या सभासदांना यात एक लहान पण तातडीचे काम करता येण्याजोगे आहे. सीमाभागातून येणाऱ्या पालकांना कन्नड वा इंग्रजी अर्जाची भाषा उमगत नाही, कोणत्या दिवशी कोणती मुदत संपते हे कळत नाही, आणि परतीच्या गाडीची वेळ झालेली असते. निकालानंतरचे पहिले पंधरा दिवस बनशंकरी-जयनगर भागातील एखाद्या कामगार संघटनेच्या कचेरीत संध्याकाळी दोन तास कोणीतरी बसावे, अर्ज लिहून द्यावेत, पोच घ्यावी, आणि कोणत्या महाविद्यालयातून, कोणत्या विषयात, किती जण आले याची एक वही ठेवावी. वर्षअखेर ती वही विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांच्या टेबलावर ठेवता येईल.